दिवाडीचे माड कुठल्या टेम्पोत? जेनेटिक अल्गोरिदमने गट पाडायचेत

वळवयकार

नमस्कार मंडळी. फोंडा-तिसवाडीकडच्या बागायतदारांचा आमचा एक छोटा गट आहे. एकूण ६५ बागा, कुणाचं कुळागर, म्हणजे माड-पोफळींची मिश्र बाग, तर कुणाचं नुसतं माडांचं भाट. माल म्हणजे नारळ, सुपारी, मिरी, केळी, थोडं जायफळ. पाच टेम्पो ठरलेल्या दिवशी निघतात आणि माल गोळा करून फोंड्याला आणतात. कुठली बाग कुठल्या टेम्पोला, हे आजवर तोंडी ठरत आलंय. ज्याचा आवाज मोठा त्याच्याकडे टेम्पो आधी.

मी सगळ्या बागांचे अक्षांश-रेखांश घेतले, पायथनमध्ये सायकिट-लर्न लायब्ररीचं के-मीन्स, म्हणजे जवळजवळच्या बिंदूंचे गट पाडायची रीत, लावलं आणि पाच गट मागितले. डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर आलं. नकाशावर टाकलं तर दिवाडी बेटावरच्या बागा ओल्ड गोव्याच्या गटात! दिसायला जवळच, पण मध्ये मांडवी, दिवाडीला पूल नाही, टेम्पो फेरीबोटीवर चढवायला हवा. दुर्भाट आणि पलीकडची लोटली एका गटात. तिथे मध्ये जुवारी नदी. फेरीबोट हुकली की बोरीच्या पुलावरून वळसा. एका गटाचं केंद्र तर चक्क नदीच्या पात्रात पडलंय. शिवाय सावईवेरे, केरी, वळवई हा सगळा पट्टा एकाच टेम्पोच्या माथी. पाडेली, म्हणजे नारळ पाडणारा, ज्या आठवड्यात येतो तेव्हा त्या टेम्पोला दोनदा जावं लागणार, आणि पणजीकडचा अर्धा रिकामा फिरणार.

भाचा म्हणतो, के-मीन्स सोड, जेनेटिक अल्गोरिदम लाव. यानं खरंच फरक पडतो का? मला प्रोग्रामिंग कामापुरतं येतं.

आल्तिनोचे मास्तर

आधी हे काम किती अवघड आहे ते बघा. २५ वस्तू पाच गटांत वाटायच्या तर किती तऱ्हा? २,४३,६६,८४,९७,४१,१०,७५१. सोळा आकडी संख्या. तुमच्या ६५ बागांसाठी ती ४४ आकडी होते. सगळ्या तऱ्हा तपासून सर्वात चांगली निवडायची हा विचारच सोडा.

के-मीन्स ही वाट काढतं ती अशी: पाच केंद्रं कुठेतरी ठेवा, प्रत्येक बाग जवळच्या केंद्राला द्या, केंद्र त्या बागांच्या सरासरीवर सरकवा, पुन्हा वाटा. लॉइड यांनी बेल लॅब्जमध्ये हे १९५७ मध्ये लिहिलं, छापून आलं १९८२ मध्ये. दरम्यान १९६७ मध्ये मॅक्वीन यांनी के-मीन्स हे नाव रूढ केलं. ही रीत थांबते नक्की, पण जिथून सुरुवात केली त्याच्या आसपासच्या चांगल्या उत्तरावर थांबते, सर्वात चांगल्यावर थांबेल याची हमी नाही. २००७ च्या के-मीन्स प्लस-प्लसने सुरुवातीची केंद्रं शहाणपणाने निवडायची सोय केली, तरी हमी नाहीच. सपाट कागदावरच्या बिंदूंसाठीसुद्धा हा प्रश्न एनपी-हार्ड आहे, म्हणजे अचूक उत्तर झटपट काढायची रीत कुणालाच ठाऊक नाही अशांतला आहे, हे २००९ मध्ये मीना महाजन, प्राजक्ता निंभोरकर आणि कस्तुरी वरदराजन यांनी दाखवलं.

जेनेटिक अल्गोरिदमसारख्या, उत्क्रांतीवर बेतलेल्या पद्धती इथे कामाला येतात. एकच उत्तर घेऊन उतरणीला लागण्याऐवजी शंभरेक उत्तरं एकाच वेळी बाळगायची, त्यातली बरी निवडायची, त्यांची सरमिसळ करायची.

फर्मागुडी_लॅब

मास्तर, सगळं बरोबर, पण वळवयकारबाबांची अडचण ही नव्हेच. त्यांचं के-मीन्स भलत्या उत्तरावर अडकलेलं नाही. त्याला प्रश्नच भलता विचारलाय. अक्षांश-रेखांशांतलं सरळ अंतर दिलं की त्याला मांडवी दिसतच नाही. त्याच अंतरावर जेनेटिक अल्गोरिदम चालवलात तर तोही दिवाड ओल्ड गोव्यालाच जोडेल, आणि अधिक ठामपणे जोडेल.

म्हणून पहिलं काम: ६५ गुणिले ६५ चा तक्ता करा. प्रत्येक खान्यात एका बागेतून दुसरीकडे टेम्पोला लागणारी मिनिटं, फेरीबोटीची सरासरी वाट धरून. हा तक्ता हाती आला की के-मीन्स आपोआप बाद, कारण मिनिटांच्या तक्त्यावरून "सरासरी जागा" काढता येत नाही. गटाचं केंद्र ही खरीखुरी बागच असली पाहिजे. याला मेडॉइड म्हणतात. केंद्र नदीत बुडण्याचा प्रश्नही मिटला.

आता क्रोमोसोम, म्हणजे एक उत्तर कागदावर कसं लिहायचं. नवखा माणूस हमखास अशी यादी करतो: पहिली बाग गट १, दुसरी गट १, तिसरी गट २, चौथी गट २. म्हणजे १-१-२-२. यात सापळा आहे. २-२-१-१ हे अगदी तेच उत्तर, फक्त गटांचे नंबर उलटे. आता या दोघांचा क्रॉसओव्हर, म्हणजे सरमिसळ, करा, डावा अर्धा पहिल्याचा, उजवा दुसऱ्याचा: १-१-१-१. आईबाप दोघांनी दोन-दोनचे नीट गट केलेले, आणि पोराने सगळ्यांना एकाच गटात कोंबलं! पाच गट असतील तर एकच उत्तर १२० वेगवेगळ्या वेषांत हिंडत असतं, आणि क्रॉसओव्हरला ते ओळखू येत नाही.

त्यापेक्षा क्रोमोसोममध्ये फक्त पाच मेडॉइडांचे क्रमांक ठेवा. बाकीच्या बागा जवळच्या मेडॉइडला. क्रॉसओव्हर करताना दोन्ही पालकांत असलेल्या बागा कायम ठेवायच्या, उरलेल्या जागा दोघांच्या यादीतून चिठ्ठ्या टाकून भरायच्या. म्युटेशन म्हणजे एखादा मेडॉइड काढून शेजारची बाग घालायची.

माशेलची

क्रोमोसोम, मेडॉइड, म्युटेशन! आमच्यासारख्यांसाठी जरा साध्या मराठीत सांगा ना. धागा वाचायला मजा येतेय पण अर्धा डोक्यावरून जातोय.

खाजनातला

बाय, मानकुरादचं घ्या. चांगल्या झाडाचं कलम बांधलं की तसाच आंबा मिळतो. कोय लावली तर काय निघेल सांगता येत नाही, बहुतेक वेळा फिकं निघतं, पण नवीन चांगली जात सापडली तर कोयीतूनच सापडणार. या अल्गोरिदममध्ये दर पिढीला सर्वात चांगली एक-दोन उत्तरं जशीच्या तशी पुढे नेतात, ते कलम. बाकीची जागा कोयींना. नुसती कलमं लावली तर बाग सुधारायची थांबते, नुसत्या कोयी लावल्या तर आहे ते हातचं जातं.

आल्तिनोचे मास्तर

छान सांगितलंत, पण एक ध्यानात ठेवा. आंबा चांगला की फिका ते खाणारा ठरवतो. इथे खाणारा म्हणजे फिटनेसचं, उत्तराला गुण देणारं सूत्र, आणि ते आपणच लिहायचं असतं. जॉन हॉलंड यांचा जेनेटिक अल्गोरिदमवरचा ग्रंथ १९७५ चा. बर्लिनमध्ये रेशेनबर्ग आणि श्वेफेल साठच्या दशकातच अशा तऱ्हेने यंत्रभागांचे आकार सुधारत होते. सूत्र काय लिहायचं हा प्रश्न तेव्हाही माणसावरच होता.

सुशेगाद_कोडर

रसभंग करतो, माफी असावी.

फर्मागुडीवाल्यांनी क्रोमोसोममध्ये पाच मेडॉइड ठेवायला सांगितले. ६५ बागांतून पाच निवडायच्या किती तऱ्हा? ८२,५९,८८८. मास्तरांची ४४ आकडी संख्या कुठे आणि हे कुठे! प्रत्येक तऱ्हेला ६५ बागा, पाच केंद्रं, म्हणजे एकूण सुमारे २६८ कोटी तुलना. साध्या लॅपटॉपवर मिनिटांचं काम. एकूण एक तऱ्हा तपासा, सर्वात चांगली निवडा, उत्तर पक्कं. उत्क्रांती वगैरे काही नको. उत्तर लिहायची रीत बदलली आणि डोंगर होता तिथे टेकाड राहिलं, एवढीच खरी करामत झालीय इथे.

टेम्पोची क्षमता घालायची असेल तर "जवळच्या मेडॉइडला" हा नियम पुरत नाही, वजन बघून वाटावं लागतं. तरीही प्रश्न समीकरणांत मांडायला पायथनमधली पल्प लायब्ररी आणि ती सोडवायला सीबीसी सॉल्व्हर आहेत, दोन्ही फुकट. ६५ गुणिले ६५ म्हणजे ४,२२५ हो-नाहीचे चल, प्रत्येक टेम्पोच्या वजनाची एक अट. हा आकार सॉल्व्हरला जड नाही, आणि वर तो सांगतो की याहून चांगलं उत्तर नाहीच. जेनेटिक अल्गोरिदम हे कधीच सांगू शकत नाही. तो थकून थांबतो, किंवा आपण थकतो.

इंटरनेटवर जिथे तिथे "अमुक प्राण्याच्या वागणुकीवर बेतलेला नवा क्लस्टरिंग अल्गोरिदम" दिसतो. लांडगा झाला, वटवाघूळ झालं, देवमासा झाला. बहुतेकांत तीच निवड आणि तीच सरमिसळ असते, कातडं तेवढं वेगळं.

वळवयकार

सुशेगादबाब, पटलं. पण एक शंका. तुम्ही सगळे बाग ते केंद्र अशी मिनिटं मोजताय. आमचा टेम्पो काही केंद्रावर जाऊन, एकेका बागेत जाऊन, परत केंद्रावर येत नाही. तो फोंड्याहून निघतो, बागा एकामागून एक घेतो आणि फोंड्याला परततो. तीन बागा एका ओळीत रस्त्याला लागून असतील तर तिन्हींचा मिळून खर्च जवळजवळ एकाच बागेएवढा.

आणि एक घरगुती अट सांगायची राहिली. दोन भाटकार आहेत, सख्खे चुलतभाऊ, त्यांचा माल एका टेम्पोत चालणार नाही. कारण विचारू नका.

फर्मागुडी_लॅब

आता प्रश्न खरा झाला! याला रूटिंग म्हणतात. डँटझिग आणि रॅमसर यांनी १९५९ मध्ये पेट्रोल वाहणाऱ्या ट्रकांसाठी तो मांडला होता. एका गटाचा खर्च म्हणजे त्या गटाची पूर्ण फेरी, आणि ती किती लांब होईल हे गटात कोण कोण आहे त्या सगळ्यांवर मिळून ठरतं. बागनिहाय बेरीज करून चालत नाही. सॉल्व्हर इथेही वापरता येतो, पण ६५ थांबे, पाच गाड्या आणि वजनाच्या अटी असल्या की तो घाम गाळतो. इथे मी जेनेटिक अल्गोरिदमच घेईन. फिटनेसचं सूत्र कितीही वेडंवाकडं असलं तरी त्याला चालतं. एका उत्तराला एक आकडा द्या, बस.

मेडॉइडची यादी आता पुरणार नाही, कारण फेरीला केंद्र नसतं. पण १-१-२-२ कडेही परत जायचं नाही. ब्रुसेल्सचे फाल्केनाउअर यांनी नव्वदच्या दशकात गटांसाठी वेगळा जेनेटिक अल्गोरिदम मांडला. त्यात जनुक म्हणजे एक बाग नव्हे, एक अख्खा गट. क्रॉसओव्हरमध्ये एका पालकाचे दोनएक गट उचलून दुसऱ्यात घालायचे. ज्या बागा दोनदा येतात त्यांचे जुने गट फोडायचे, त्यातून सुट्ट्या पडलेल्या बागा जिथे कमीत कमी मिनिटं वाढतील तिथे बसवायच्या. सावईवेरे-केरीचा छान जमलेला गट असेल तर तो अख्खाच पुढच्या पिढीत जातो. गटांना नंबरच नाहीत, त्यामुळे मघाचा सापळाही नाही.

प्रत्येक गटाची फेरी काढायला हुशारी नको. जवळची बाग आधी या नियमाने एक फेरी आखा, मग दोन रस्ते एकमेकांना छेदत असतील तर उलटवून बघा. त्याला टू-ऑप्ट म्हणतात. दहा-पंधरा बागांच्या गटाला ते भरपूर झालं.

वजनाची अट दोन तऱ्हांनी पाळता येते. एक म्हणजे जादा वजनाला दंड. दर जादा किलोमागे फिटनेसमध्ये अमुक मिनिटं वाढवायची. दंड हलका ठेवलात तर अल्गोरिदम खुशाल ओव्हरलोड टेम्पो पाठवतो. फार जड ठेवलात तर सुरुवातीची सगळीच उत्तरं नापास होतात आणि बरं-वाईट कळेनासं होतं. दुसरी तऱ्हा दुरुस्तीची. पोर जन्मल्या जन्मल्या जादा भरलेल्या गटातून काठावरची एक बाग काढून जिथे जागा आहे तिथे द्यायची. मी वजनाला दुरुस्ती वापरते. चुलतभावांना मात्र सरळ मोठा दंड, तिथे तडजोड नाहीच म्हणता तर.

खाजनातला

दिवाडवाल्यांना नारळ ओल्ड गोव्याच्या फेरीधक्क्यावर आणून द्यायला सांगा की! स्कूटर-रिक्षावरून येतात ते नाही तरी. टेम्पो फेरीवर चढवायचाच कशाला?

वळवयकार

विचारलं. दोघं तयार आहेत, तिसरा म्हणतो उलट नार्वेच्या बाजूला देतो, तिकडे त्याची सासुरवाड आहे. म्हणजे दिवाडीची एक बाग आता तक्त्यात नार्वेला आणि दोन ओल्ड गोव्याला. तक्ता तसा बदलला.

पर्वरीचा_डेटावाला

उशिरा येतोय. टेम्पो पाचच का? किती गट हवेत तेही अल्गोरिदमला ठरवू द्या. आम्ही ग्राहकांचे गट पाडताना तसंच करतो.

फर्मागुडी_लॅब

करता येतं, पण जपून. गटांची संख्या मोकळी सोडली की के-मीन्सचं नेहमीचं माप, म्हणजे केंद्रापासूनच्या अंतरांच्या वर्गांची बेरीज, निकामी होतं. गट वाढवत गेलं की ती घटतच जाते, प्रत्येक बिंदूला स्वतःचा गट दिला की शून्य. म्हणून मग १९७९ चा डेव्हिस-बोल्डिन निर्देशांक किंवा रूसेव यांचं १९८७ चं सिल्हूट घेतात. गट आतून किती घट्ट आणि एकमेकांपासून किती लांब, असं ते मोजतात.

इथे उत्क्रांतीचा गुणच अंगाशी येतो. सूत्रात एक फट असेल तर के-मीन्सला ती सहसा सापडत नाही, कारण ते दूरवर हिंडतच नाही. जेनेटिक अल्गोरिदम ती नेमकी शोधतो. डेव्हिस-बोल्डिनमध्ये एकट्या बिंदूच्या गटाचा पसारा शून्य धरला जातो. तेव्हा तो चार-दोन लांबचे बिंदू एकेकटे वेगळे काढतो, बाकी सगळ्यांची मोट बांधतो आणि झकास गुण मिळवतो. प्रत्येक गटात निदान इतके बिंदू हवेत ही अट आधीच घाला.

आणि सूत्र निर्दोष असलं तरी ते तुमच्या मनातलंच मोजेल असं नाही. आयरिस फुलांचा प्रसिद्ध संच घ्या. एडगर अँडरसन यांनी मापं घेतली, फिशर यांनी १९३६ मध्ये छापली. १५० फुलं, तीन जाती. सिल्हूटला विचारा, तो म्हणतो दोनच गट. त्यातल्या दोन जाती मापांत एकमेकींत मिसळलेल्या आहेत, त्याला तो बिचारा काय करणार?

आल्तिनोचे मास्तर

२००२ मध्ये क्लाइनबर्ग यांनी तर प्रमेयच मांडलं. गट पाडणाऱ्या कुठल्याही रीतीकडून तीन साध्या अपेक्षा ठेवा. मोजपट्टी बदलली तर गट बदलू नयेत. बिंदूंची कुठलीही विभागणी निघायची शक्यता असावी. गटातली अंतरं घटली आणि गटांमधली वाढली तर गट तेच राहावेत. तिन्ही एकदम पाळणारी रीत असूच शकत नाही. म्हणून हल्ली दोन-तीन मापं एकत्र धरतात. हँडल आणि नोल्स यांनी २००७ मध्ये गटांचा घट्टपणा आणि शेजाऱ्यांची सलगता अशी दोन मापं घेऊन एकाऐवजी उत्तरांची एक रांगच पुढे ठेवली. एनएसजीए-टू हा अनेक मापं एकदम धरणारा जेनेटिक अल्गोरिदम घेऊनही असं करता येतं, ते आयआयटी कानपूरच्या कल्याणमय देब आणि सहकाऱ्यांचं, २००२ चं.

बाय द वे, या विषयात आपल्याकडच्या लोकांनी बरंच काम केलंय. बंगळूरचे कृष्णा आणि मूर्ती यांनी १९९९ मध्ये क्रॉसओव्हर काढून टाकून त्या जागी के-मीन्सची एक पायरी बसवली. संघमित्रा बंद्योपाध्याय आणि उज्ज्वल मौलिक यांचा २००० चा निबंध, केंद्रांचे आकडेच थेट क्रोमोसोममध्ये लिहिण्याचा, या विषयावर लिहिणारे अजून उद्धृत करतात. बंद्योपाध्याय पुढे कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या संचालक झाल्या.

सुशेगाद_कोडर

वळवयकारांना पाच टेम्पोंचे पाच ड्रायव्हर आहेत हो. त्यांचा निर्देशांक काढणार आहात का?

वळवयकार

हा हा. पाच म्हणजे पाचच.

बरं, चालवून बघितलं. गटवाली रीत, टू-ऑप्ट, वजनाची दुरुस्ती. वेगवेगळ्या सुरुवातींनी पुन्हा पुन्हा चालवलं तरी वरची उत्तरं जवळपास सारखीच येतात, काठावरच्या तीन-चार बागा तेवढ्या इकडेतिकडे होतात. सावईवेरे-वळवई पट्टा दोन टेम्पोंत फुटला. दुर्भाट फोंड्याच्या बाजूला आलं आणि लोटली बोरीच्या पुलावरून शिरोड्याच्या टेम्पोत गेली. हे आमच्या जुन्या ड्रायव्हरला दाखवलं तर म्हणाला, हे मला विचारलं असतं तरी सांगितलं असतं. पण पट्टा कुठे फोडायचा ते त्यालाही सांगता आलं नसतं, असं मला वाटतं.

आता पुढचा प्रश्न. जूनला पाऊस लागला की सगळंच बदलतं. मिरी-सुपारी नाही, फेरीबोटी अनियमित, काही रस्ते बंद. पुन्हा चालवलं की सगळे गट उलटेपालटे होऊन येतील. ड्रायव्हरांना प्रत्येक बागेतलं गेट, कुत्रा, बांध सगळं ठाऊक झालेलं असतं. दोन महिन्यांनी त्यांना नवीन बागा दिल्या तर ते टेम्पोची चावी माझ्या हातात देतील.

फर्मागुडी_लॅब

पहिल्या पिढीत सगळी उत्तरं चिठ्ठ्या टाकून करू नका. उन्हाळ्याचं उत्तर त्यात घाला, आणि त्याच्याच थोड्या बदललेल्या वीसेक प्रती. बाकीची नवी. दुसरं, फिटनेसमध्ये आणखी एक दंड: जी बाग जुन्या टेम्पोतून नव्यात जाते तिच्यामागे, समजा, दहा मिनिटं. म्हणजे बदलाने दहा मिनिटांहून जास्त वाचत असतील तरच ती हलेल. हा आकडा ड्रायव्हरांबरोबर बसून ठरवा. तो गणिताचा नाही.

वळवयकार

पण या रीतीत गटांना नंबरच नाहीत असं तुम्हीच म्हणालात. मग कुठली बाग "हलली" हे मोजणार कसं? नवा पहिला गट म्हणजे जुना तिसरा असू शकतो.

सुशेगाद_कोडर

याला १९५५ ची, जोड्या लावायची हंगेरियन पद्धत आहे, पण तुला तीही नको. पाच जुने, पाच नवे, जोड्या लावायच्या १२० तऱ्हा. प्रत्येकीत किती बागा जागच्या जागी राहतात ते मोज, सर्वात जास्त राहतात ती जोडी धर. चार ओळींचा लूप आहे, उद्या टाकतो इथे.